पिकअपच्या चेसिसवर आबांची गाडी

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्या दारासमोर जी काळी गाडी उभी होती, ती आबांची नव्हती. लोकांनी तिचे फोटो काढले, माझ्या मुलाने ते नातेवाइकांना पाठवले, आणि म्हाताऱ्याने बापाची गाडी पुन्हा रस्त्यावर आणली असं बरेच जण अजून बोलतात. वरची पेटी, म्हणजे बॉडी, तेवढी आबांची आहे. खालचं सगळं, म्हणजे चेसिस, इंजिन, गिअर आणि चाकं, रावेरकडे केळी वाहणाऱ्या एका पिकअपचं आहे. ती पिकअप घाटात उलटली, तिचा मागचा हौदा आणि केबिन चेपली, पण चेसिस सरळ राहिली. तिच्यावर मी आबांची पेटी बसवून घेतली. हे सगळं मी एकाच कामासाठी केलं होतं. मला अक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, आखाजीला माहेरी आणायचं होतं.

खान्देशात लेकीबाळींना दिवाळीपेक्षा आखाजीची ओढ जास्त. सासरी गेलेली मुलगी आखाजीला माहेरी येते, झोका बांधते, गाणी म्हणते. पण ती आपणहून येत नाही. माहेरून कोणीतरी न्यायला जावं लागतं, बाप, भाऊ नाहीतर चुलता. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला नाही तर मुलगी पिशवी भरून ओट्यावर बसली असली तरी निघत नाही. त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात आणि तिच्यावर खरबूज आणि सांजोरी, म्हणजे सांजा भरून तळलेली गोड पुरी, ठेवतात. एकाच दिवशी लेक येते आणि मेलेली माणसंही येतात, असं आमच्याकडे धरलं जातं.

आमचं गाव यावलजवळ. आबांनी ती गाडी जळगावच्या एका जिनिंगवाल्याकडून जुनी घेतली होती. परदेशी बनावटीची, गोल पाठीची, मोठ्या डोळ्यांची. दोन्ही बाजूंना पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत एक लांब पायफळी होती. तिच्यावर पाय द्यायचा आणि सहज आत जाऊन बसायचं. अक्काचं सासर पिंपळनेरच्या बाजूला, म्हणजे खान्देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. आबा दर आखाजीला स्वतः मुराळी म्हणून जायचे, गाडी घेऊन. तिच्या सासरची पोरं पायफळीवर उभी राहून वेशीपासून घरापर्यंत यायची. त्या गावात अक्काचा बाप आला असं कोणी म्हणत नसे. गाडी आली म्हणत. मी एकदोनदा बरोबर गेलो होतो. अक्का दारात उभी असायची आणि गाडी थांबायच्या आत तिचा पाय पायफळीवर असायचा.

आबा एका हिवाळ्यात गेले. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीने तळ दाखवला. केळीची लागण नवी होती, पाणी बाहेरून आणावं लागणार होतं. माझ्याकडे ट्रॅक्टर होता, पण त्याच्यामागे ओढायला काही नव्हतं. आबांच्या गाडीची चेसिस दणकट होती. मी चार माणसं बोलावली, शेतातल्या निंबाला चेन कप्पी बांधली, बोल्ट काढले आणि पेटी वर उचलून गोठ्यात विटांवर ठेवली. इंजिन उतरवलं. चेसिसवर पाण्याची टाकी बसवली. पायफळ्या चेसिसच्या ब्रॅकेटवर होत्या, पेटीवर नव्हत्या. टाकीच्या नळीला त्या आडव्या यायला लागल्या म्हणून मी त्या कापल्या आणि शेतातल्या पाण्याच्या पाटावर टाकल्या, ओलांडायला बऱ्या म्हणून. केळी वाचली. तेव्हा मला यात काही चूक वाटली नव्हती, आणि खरं सांगायचं तर टाकी बसवण्यात आजही वाटत नाही.

मग आखाजी आली. आबांच्या नावाची ती पहिली घागर होती, आणि आता मुराळी मी होतो.

एसटी होती. यावलहून जळगाव, जळगावहून धुळे, धुळ्याहून साक्रीवरून पिंपळनेर. दिवस मोडला असता, बाकी काही नाही. मी गेलो नाही. ज्या गावात गाडी आली म्हणत, तिथे मी एसटीतून उतरून धुळीने भरलेला चालत जाणार, आणि तिच्या सासरचे लोक विचारणार, गाडी कुठे आहे. तिच्यावर टाकी बसवली हे मला सांगावं लागणार. एवढंच कारण होतं. पिंपळनेरच्या बाजारात जाणाऱ्या एका व्यापाऱ्याबरोबर मी निरोप पाठवला, गाडी नादुरुस्त आहे, पुढच्या वर्षी येतो.

संध्याकाळी मायने विचारलं, "अक्काला आणायला कोण गेलं?"

मी म्हणालो, "ती म्हणते, मला नाही यायचं."

हे वाक्य मी आधी ठरवलं नव्हतं. माय चुलीपुढे सांजोऱ्या तळत होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. तळून झाल्यावर काही सांजोऱ्या वेगळ्या डब्यात काढल्या आणि डबा वर फळीवर ठेवला. किती दिवसांनी तो डबा खाली आला ते मला माहीत नाही.

पुढच्या वर्षी जाणं जास्त अवघड झालं. एकदा न गेलेल्या भावाने दुसऱ्या वर्षी काय तोंड घेऊन जायचं, असं मी स्वतःला सांगितलं. तिसऱ्या वर्षी कोणी विचारलंही नाही. घरात एक गोष्ट पक्की झाली की आबा गेल्यावर अक्काने माहेर तोडलं. भावकीत तेच बोललं जाई. मी ते दुरुस्त केलं नाही. परगावच्या लग्नकार्यांत, जिथे माय जात नसे, अक्का मला भेटायची, दोन शब्द बोलायची. माय गेली तेव्हा ती आली, तिच्या पायांशी बसली आणि जेवणाच्या आधी परत गेली. तेव्हाही लोक म्हणाले, बघा, जिवंत असताना आली नाही.

हे सगळं मी इतकी वर्षं सोबत ठेवलं. त्याचं ओझं वाटायचं असं म्हणणं खोटं होईल. बरीच वर्षं काहीच वाटत नव्हतं. डाव्या कानाला कमी ऐकू येतं आणि माणूस उजव्या बाजूला बसायची सवय करून घेतो, तसं होतं ते. आखाजीचे एकदोन दिवस तेवढे मी शेतात काढायचो.

दोन वर्षांपूर्वी भाच्याचा फोन आला. अक्काचे गुडघे गेलेत, आता घरातल्या घरातच फिरते, असं तो सहज बोलला. फोन ठेवल्यावर मी जळगावहून, मुलाच्या घरून, गावी गेलो आणि गोठा उघडला. पेटी विटांवर तशीच होती. आत कडब्याच्या पेंढ्या, मागच्या सीटवर कोंबड्यांची विष्ठा. पत्रा मात्र जाड, फारसा सडला नव्हता. शेताच्या कडेला जुनी चेसिस पडली होती. टाकी कधीच गंजून गेली होती, चेसिसचे दोन्ही आडवे लोखंडी दांडे हाताने दाबले तरी पापुद्रे निघत होते. ती कामाची नव्हती.

मुलगा म्हणाला, "आत्याला आणायचंय ना, टॅक्सी करा. चार-पाच तासांत आणतील." मी ऐकलं नाही. अक्काला आणायचं तर गाडीनेच, असं माझ्या डोक्यात होतं. पहिल्या वर्षीही हेच डोक्यात होतं. मुलाशी बोलताना मला ते दिसलं नाही.

धुळ्यात साक्री रोडला एक मिस्त्री पिकअपच्या आणि रुग्णवाहिकेच्या बॉड्या बांधतो. माझ्या मुलाहून लहान, सतत बोलणारा. पेटी ट्रकमधून उतरली तेव्हा त्याने आत डोकावून बघितलं.

"नाना, हाई गाडी शे का कोंबड्यास्नं घर?"

"दोन्ही आहे."

"मंग कोंबड्या बी जोडीसन देऊ का?"

पिकअप त्यानेच शोधली. काम काही महिने चाललं आणि मी दर आठवड्याला एसटीने धुळ्याला जाऊन बसायचो. पहिल्यांदा त्याने पेटीच्या आतून दारांच्या मधल्या जागेत पाइप वेल्ड केले, उचलताना पेटी वाकू नये आणि दारं बसेनाशी होऊ नयेत म्हणून. मग टेपने मापं घेतली. पिकअपची चेसिस लांब निघाली. पेटी ठेवली की मागचं चाक मडगार्डच्या कमानीच्या पार मागे येई. त्याने चेसिस मधोमध कापली, हवा तेवढा तुकडा काढला, दोन्ही टोकं जोडून आतून जाड पट्ट्या वेल्ड केल्या. मधला शाफ्ट लेथवर आखूड करून आणला. स्टिअरिंगचा दांडा आबांच्या डॅशबोर्डात सरळ येईना, म्हणून त्यात एक सांधा घातला. हे सगळं बघताना बरं वाटायचं, कारण दुसऱ्या कशाचा विचार करावा लागत नसे.

एक दिवस तो म्हणाला, "आरटीओत ही पिकअपच राहणार हां, नाना. परवानगीचं मी बघतो, पण नंबर चेसिसवर असतो. पेटीला नंबर नसतो."

"म्हणजे आबांची गाडी कोणती?"

"तुमच्या शेतात पडलीय ती." तो हसला. मी हसलो नाही, पण मला रागही आला नाही.

अडचण इंजिनाची आली. पिकअपचं डिझेल इंजिन उंच, त्याच्यावर आबांचं बोनट बसेना. बोनट कापायला मी तयार नव्हतो. मिस्त्रीने पेटी आणि चेसिस यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घालून पूर्ण पेटी वर उचलली. वर रबर, मग पेटी. बोनट बंद झालं. गाडी उंच दिसायला लागली.

"बाजूच्या पायऱ्या कुठे आहेत हिच्या?" त्याने विचारलं. "पत्र्यावर त्या घासल्याच्या खुणा दिसताहेत."

"राहू दे त्या."

"पट्टीच्या करून देऊ का? एका दिवसाचं काम."

मला त्या पायफळ्या पाटावर पडलेल्या आठवल्या. वर चिखल, खाली पाणी. त्यांच्याबद्दल बोलावं लागेल म्हणून मी पुन्हा म्हणालो, "राहू दे. रुबाबदार दिसतेय."

आखाजीच्या आदल्या दिवशी पहाटे मी एसटीने धुळ्याला गेलो. काळा रंग नवा होता, काचा नव्या होत्या, मागच्या सीटला तपकिरी रेक्झिन. मागचं डावं दार थोडं जोरात लावावं लागे, बाकी सगळं ठीक होतं. मिस्त्री म्हणाला, "मी चालवतो. तुमच्या भरवशावर मी पोरगी सोडणार नाही." तो गाडीला पोरगी म्हणत होता. साक्रीपर्यंत ऊन चांगलंच तापलं होतं. रस्त्यावरचे लोक हात करत होते. मी पुढे बसलो होतो आणि मला काही वाटत नव्हतं, फक्त पाणी प्यावंसं वाटत होतं.

अक्का अंगणात खाटेवर बसली होती. भाच्याने तिला आधीच सांगून ठेवलं होतं. नवं लुगडं नेसली होती, शेजारी कापडी पिशवी भरून बांधलेली. तिची बोली आता पूर्ण तिकडची झाली होती. आमच्या यावलकडच्या बोलीचा एक शब्द तिच्या तोंडात राहिला नव्हता.

"उना का, भाऊ?"

"आलो अक्का. न्यायला आलो."

ती भाच्याच्या खांद्याला धरून उठली आणि गाडीभोवती हळूहळू एक फेरी मारली. बोनटवर हात ठेवला. मग वाकता येईना म्हणून मान कलती करून खाली बघितलं.

"वरतून आबानीच शे," ती म्हणाली. "खालून कोनी शे?"

मिस्त्री म्हणाला, "खालून केळीवालानी शे, अक्का."

तिला हसू आलं. मीही थोडा हसलो. भाच्याने मागचं दार उघडलं. अक्काने सवयीने उजवा पाय उचलला आणि पायफळी जिथे असायची त्या उंचीवर नेला. तिथे काही नव्हतं. पाय परत जमिनीवर आला. तिने वर सीटकडे बघितलं, मग खाली.

"पायरी कथी गयी?"

तिने दाराला धरून एकदा चढायचा प्रयत्न केला, पण गुडघा वाकेना. भाच्याने घरातून स्टूल आणलं. स्टूल डुगडुगत होतं. एका बाजूने भाचा, दुसऱ्या बाजूने मिस्त्री.

"माले सर्कसमा धाडतस का रे?" अक्का म्हणाली. "ऱ्हाऊ दे ते. एसटीले दांडा तरी ऱ्हास धराले. चाल भाऊ, एसटीमा जाऊत."

"एसटीने?"

"मंग? तव्हय बी एसटी व्हती."

ती रागाने बोलली नाही. खाटेवर बसून पदराने तोंड पुसत बोलली. मग म्हणाली, "गाडीवर टाकी बसाडी ते माले माहीत व्हतं. त्या व्यापारीनी सांगं. गाडीनं काय? मी एसटीनी वाट देखी."

मिस्त्री स्टूल घेऊन उगाच गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेला. अक्काने पिशवी उचलून मांडीवर घेतली. ती निघायला तयार होती. गाडी तिच्या अंगणात सोडायची, पिंपळनेरच्या स्टँडवर जायचं, तिला खिडकीशी बसवायचं आणि रात्रीपर्यंत घरी. इतकं सोपं राहिलं होतं. मी गप्प राहिलो असतो तर ती आली असती, याबद्दल मला आजही शंका नाही.

पण एसटीत यावलपर्यंत तिच्या शेजारी बसायचं होतं. ती मायबद्दल विचारणार होती. मी म्हणालो, "अक्का, अजून एक आहे."

"काय?"

"त्या वर्षी मायला मी सांगितलं की तूच नाही म्हणालीस. मला नाही यायचं, असं तू म्हणालीस म्हणून."

तिने माझ्याकडे बघितलं. तिला पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही असं मला वाटलं, पण तिला ऐकू आलं होतं.

"मायले?"

"हो."

"मंग माय मरस तोवर तेच समजनी?"

"हो."

"काय बोलनी ती?"

"काही नाही. सांजोऱ्या वेगळ्या काढून ठेवल्या."

अक्का बराच वेळ अंगणाच्या फरशीकडे बघत बसली. मला वाटलं ती रडेल किंवा मला काही बोलेल. ती काही बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने मांडीवरची पिशवी भाच्याकडे दिली.

"हाई मझार ठेव."

भाचा पिशवी घेऊन आत गेला आणि बाहेर आला नाही.

"माय व्हती तव्हय येवानं व्हतं," ती म्हणाली. "आते मी कोनाकडे येऊ?"

तिने आम्हाला जेवायला बसवलं. मिस्त्रीला आग्रह केला, त्याच्या मुलाबाळांची चौकशी केली. मलाही वाढलं, आमरस दोनदा वाढला. निघताना ती दारापर्यंत आली आणि स्टीलच्या एका छोट्या डब्यात सांजोऱ्या घालून दिल्या.

"मायनी घागरवर ठेवजो. मन्ह्या शेतस असं सांगजो."

परत येताना मागची सीट रिकामी होती आणि मागचं डावं दार खडखडत होतं. मिस्त्री साक्रीपर्यंत आरशातून त्या दाराकडे बघत होता. मग म्हणाला, "ठोकळे काढून टाकतो, नाना. बोनट थोडं कापू. आणि पायऱ्या बसवू." मी म्हणालो, बघू. धुळ्याला त्याने चहा घेतला. पारोळा, एरंडोल गेलं. जळगावच्या पुढे केळीचे ट्रक लागले. डबा माझ्या मांडीवर होता आणि माझे हात त्याच्यावर होते. मी रस्त्याकडे बघत होतो. अंगात ताप नव्हता, दुःखही नव्हतं. एखाद्या माणसाने दात काढून आल्यावर गालाला हात लावून बघावा तसं मी अधूनमधून स्वतःला तपासून बघत होतो. जागा होती, काही जाणवत नव्हतं.

आम्ही गावात शिरलो तेव्हा अंधार पडला नव्हता. गाडी बघायला गल्ली गोळा झाली आणि ते फोटो तेव्हाचेच.

दुसऱ्या दिवशी घागरी भरल्या. आबांची एक, मायची एक. भावकीतले सगळे आले होते. मायच्या घागरीवर मी खरबूज ठेवलं आणि डबा उघडून अक्काच्या सांजोऱ्या ठेवल्या. त्या अक्काच्या आहेत असं मनात म्हटलं. मग मला वाटलं की ती तसं म्हणाली नव्हती. ती म्हणाली होती, सांग.

माझी चुलत वहिनी शेजारी बसली होती. तिने ओट्यावरून बाहेर गाडीकडे बघितलं आणि विचारलं, "एवढी गाडी केली नाना, तरी अक्का नाहीच म्हणाली का?"

मी म्हणालो, "ती कधीच नाही म्हणाली नव्हती. मी आणायला गेलो नव्हतो. मायला खोटं सांगितलं मी."

हे बोलताना माझा आवाज नेहमीसारखाच होता. वहिनीने हातातली पळी खाली ठेवली. मुलगा दारात उभा होता, त्याने ऐकलं. कोणीतरी विचारलं, म्हणजे काय. तेव्हा मी त्या उन्हाळ्यापासून, विहिरीपासून सांगायला सुरुवात केली, आणि घागरीवरच्या सांजोऱ्या कोणाच्या आहेत तेही मोठ्याने सांगितलं.